इंटरसेप्शन मोजून कॉर्नरबॅक कळत नाही

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

एनएफएलमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला, एखादा डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारा बचावपटू: कडेला कॉर्नरबॅक, मागे सेफ्टी) निवृत्त झाला किंवा हॉल ऑफ फेममध्ये गेला, की आपल्याकडच्या क्रीडापानांवर त्याची चार ओळींची बातमी येते: इतके हंगाम, इतकी इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच झेलणं), इतके टचडाउन. आकडे बरोबर असतात. पण तेवढ्यावरून तो खेळाडू कसा होता हे वाचकाला कळत नाही, आणि पुष्कळदा उलटच कळतं. कॉर्नरबॅकच्या जागेवरचा उत्तम खेळाडू तो, ज्याच्याकडे पास फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू टाकायलाच धजत नाही. चेंडू आला नाही की इंटरसेप्शनही नाही.

नामडी असोमवाचं उदाहरण घ्या. २००३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) ओकलंड रेडर्सने त्याला ३१ व्या क्रमांकावर घेतलं. कॉलेजात तो सेफ्टी होता, रेडर्सने त्याला कॉर्नरबॅक केलं. २००६ मध्ये त्याने ८ इंटरसेप्शन घेतली. पुढच्या तीन हंगामांत दरवर्षी १, आणि २०१० मध्ये शून्य. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल, गडी संपला. प्रत्यक्षात २००८ आणि २०१० या दोन्ही वर्षी तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. प्रतिस्पर्धी संघांनी त्याची बाजू सोडून दिली होती, एवढाच त्या शून्याचा अर्थ.

सिॲटलच्या रिचर्ड शर्मनच्या बाबतीत हे एका सामन्यात दिसलं. २०१४ च्या हंगामाच्या पहिल्याच लढतीत ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स सिॲटलमध्ये खेळला आणि पूर्ण सामन्यात त्याने शर्मनच्या बाजूला एकही पास टाकला नाही. सिॲटलने सामना ३६-१६ असा जिंकला. शर्मनच्या नावापुढे एकही इंटरसेप्शन नाही, पण त्याने अर्धं मैदान बंद करून ठेवलं होतं. याच्या उलट तेव्हा डॅलसकडे असलेला ट्रेव्हॉन डिग्ज. २०२१ मध्ये त्याने ११ इंटरसेप्शन घेतली आणि त्याचा गवगवा झाला, पण त्याच हंगामात त्याच्यावर टाकलेल्या पासवर प्रतिस्पर्ध्यांनी यार्डही भरपूर कमावले. तो चेंडूवर झडप घालणारा खेळाडू आहे. झडप हुकली की मागे मैदान मोकळं. पुढच्या वर्षी त्याची इंटरसेप्शन ३ वर आली, म्हणून तो एका वर्षात बिघडला असं कोणी म्हणू नये.

सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, इतिहासातलं बहुधा सर्वांत गाजलेलं इंटरसेप्शन १ फेब्रुवारी २०१५ चं, न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरचं. सामना संपायला अर्धं मिनिटही उरलं नव्हतं, सिॲटल गोलरेषेपासून एका यार्डावर होतं आणि न्यू इंग्लंड २८-२४ ने पुढे. सिॲटलचे दोन रिसीव्हर (पास झेलणारे) उजवीकडे एकामागे एक उभे राहिले. बेत असा, की पुढच्या जर्मेन कर्सने बचावपटूंच्या वाटेत यायचं आणि त्याच्या आडून मागच्या रिकार्डो लॉकेटने आत तिरकं घुसायचं. न्यू इंग्लंडचा ब्रँडन ब्राउनर कर्सच्या समोर होता. चेंडू निघताच त्याने दोन्ही हातांनी कर्सला जागच्या जागी रोखून धरलं. आडोसा तयारच झाला नाही. बटलरला सरळ वाट मिळाली आणि तो लॉकेटच्या आधी चेंडूपाशी पोहोचला. सरावात याच डावावर बटलर मागे पडला होता. या वेळी त्याने रचना ओळखली आणि वळसा न घेता थेट धाव घेतली. श्रेय त्याचं आहेच. पण ब्राउनरने कर्सला अडवलं नसतं तर बटलरच्या वाटेत कर्स असता. तक्त्यात ब्राउनरची त्या खेळातली नोंद शून्य.

ही जागा खेळतात कशी, हे थोडं उलगडून सांगतो.

कॉर्नरबॅक रिसीव्हरसमोर दोन तऱ्हांनी उभा राहतो. प्रेसमध्ये हातभर अंतरावर, ऑफमध्ये सात-आठ यार्ड मागे. प्रेसमध्ये पावलं खांद्यांइतकी फाकलेली, वजन चवड्यांवर आणि नजर रिसीव्हरच्या कमरेवर. डोकं आणि खांदे हुलकावणी देतात, कंबर देऊ शकत नाही. ती जिकडे जाईल तिकडेच माणूस जातो. स्नॅप झाल्यावर (चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाल्यावर) लगेच हात टाकायचा नाही. जागेवर बारीक पावलं टाकत रिसीव्हरला आधी बाजू निवडू द्यायची. तो आपल्या डावीकडे निघाला तर उजवा हात त्याच्या छातीत द्यायचा आणि डावा पाय उघडून त्याच्या जोडीने वळायचं. नवखे इथेच फसतात. दोन्ही हात एकदम टाकले की वजन पुढे जातं, रिसीव्हर हात झटकतो आणि पहिल्या दोन पावलांतच मागे टाकतो. दुसरी चूक म्हणजे त्याने बाजू निवडण्याआधीच कंबर उघडणं. मग तो विरुद्ध बाजूने आत शिरतो आणि याला पूर्ण फिरावं लागतं. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत सुटतो. तेवढ्यात ही चूक भरून निघत नाही.

ऑफमध्ये उलट पावली सरकायचं असतं, छाती गुडघ्यांच्या वर ठेवून. समोरचा तीनेक यार्डांवर आला की वळून पळायचं. तो मध्येच थांबला किंवा वळला तर मागचा पाय रोवून तिरकं खाली यायचं. पाय रोवताना माणूस ताठ झाला की एक पाऊल जातं, आणि एका पावलाचा फरक म्हणजे पूर्ण झालेला पास. चेंडू हवेत असताना मान कधी वळवायची, हा सर्वांत अवघड निर्णय. रिसीव्हरच्या कमरेला कंबर लागलेली असेल तरच मागे वळून चेंडू शोधायचा. दोन पावलं मागे असताना मान वळवली तर वेग पडतो आणि अंतर वाढतं. अशा वेळी रिसीव्हरचे हात पाहायचे. ते वर आले की त्या दोन हातांच्या मधून आपला हात घालायचा. हात लवकर गेला किंवा शरीर आधी धडकलं, की पंचांचा पिवळा झेंडा, म्हणजे दंड, पडलाच.

हे झेंडे या जागेच्या कारकिर्दीला आकार देतात. १९७८ पासून एनएफएलमध्ये रिसीव्हरला फक्त पहिल्या पाच यार्डांत धक्का देता येतो. पिट्सबर्गचा मेल ब्लंट रिसीव्हरना मैदानभर ढकलत नेत असे, म्हणून तो नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. २००४ पासून पंचांनी त्याची अंमलबजावणी आणखी कडक केली. पाच यार्डांपलीकडे धक्का दिला किंवा जर्सी धरली तर पाच यार्डांचा दंड आणि आक्रमणाला आपोआप फर्स्ट डाउन (पुढे सरकण्याच्या संधी पुन्हा पहिल्यापासून). पास इंटरफिअरन्स (चेंडू येण्याआधी रिसीव्हरला अडवणं) झाला तर चेंडू थेट गुन्ह्याच्या जागी जातो. ४० यार्डांवर गुन्हा झाला तर दंड ४० यार्डांचा. एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडे) झाला तर चेंडू एक यार्डाच्या रेषेवर. कॉलेजच्या नियमांत पाच यार्डांची ती मर्यादा नाही आणि इंटरफिअरन्सचा दंड १५ यार्डांहून जास्त होत नाही. म्हणूनच कॉलेजचा तारा एनएफएलच्या पहिल्या वर्षात सारखा झेंडे ओढवून घेताना दिसतो. त्याचे हात तीन-चार वर्षं वेगळ्या कायद्यात वाढलेले असतात. शिवाय मैदानातल्या हॅश मार्कमधलं (ज्या दोन खुणांच्या ओळींच्या आत चेंडू ठेवून खेळ सुरू होतो त्यांच्यातलं) अंतर कॉलेजात ४० फूट, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की एका कॉर्नरला अरुंद बाजू मिळते, तिथे साइडलाइन त्याची सोबतीण. एनएफएलमध्ये ती चैन नाही.

आत शिरण्याचा रस्ता आता. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये नाव देता येत नाही. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) ४० यार्डांची धाव, शटल आणि थ्री-कोन (दिशा बदलत धावण्याच्या चाचण्या), उंच उडी, लांब उडी आणि २२५ पौंडांचा बेंच प्रेस होतो. छापून येते ती ४० यार्डांची वेळ. पण या जागेवर त्यातले पहिले १० यार्ड आणि थ्री-कोन जास्त बोलतात, कारण सलग ४० यार्ड सरळ पळण्याची वेळ क्वचितच येते. शर्मनची वेळ साडेचार सेकंदांच्या वर होती. स्टॅनफर्डमध्ये तो आधी रिसीव्हर होता, आणि २०११ मध्ये पाचव्या फेरीत १५४ व्या क्रमांकावर निवडला गेला. पण उंची ६ फूट ३ इंच, हात लांब, आणि सिॲटलची पद्धत प्रेस करून मैदानाच्या मागच्या भागातला एक-तृतीयांश पट्टा सांभाळण्याची. हाताच्या लांबीने वेगाची उणीव भरून निघाली. बटलर तर ड्राफ्टमध्ये नव्हताच.

उन्हाळ्यात संघात ९० जण असतात, ऑगस्टच्या शेवटी ५३ उरतात. त्यांत कॉर्नर आणि सेफ्टी मिळून साधारण दहा-अकरा. पहिल्या तिघा-चौघांची जागा खेळावर ठरते. पाचवा कॉर्नर आणि चौथा सेफ्टी राहतात ते स्पेशल टीम्सच्या (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांच्या) जोरावर. पंटच्या वेळी (चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देताना) दोन्ही टोकांना गनर लागतात. समोर एक, कधी दोन जण अडवायला असताना त्यांना चुकवून धावत जायचं आणि चेंडू झेलणाऱ्याला तिथल्या तिथे पाडायचं. हे काम न आवडणारा पाचवा कॉर्नर सप्टेंबर पाहत नाही. ज्याला काढलं त्याला २४ तासांत दुसरा संघ वेव्हरवर (काढलेल्यांच्या यादीतून) उचलू शकतो, नाहीतर तो १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे सरावापुरत्या राखीव ताफ्यात, येतो. २०२५ मध्ये नवख्याचं किमान वर्षवेतन ८,४०,००० डॉलर, ते १८ आठवड्यांत विभागलं जातं, म्हणजे आठवड्याला ४६ हजारांहून थोडं जास्त. प्रॅक्टिस स्क्वॉडवर आठवड्याला १३,०००. तिथून एका हंगामात तीन वेळाच सामन्यासाठी वर घेता येतं. चौथ्यांदा हवा असेल तर ५३ मध्ये जागा करावी लागते. त्यामुळे तिसऱ्या वेळेनंतर काय होतं यावर पुष्कळांचं वर्ष ठरतं.

करारांबद्दल आपल्या बातम्यांत फक्त मोठी बेरीज येते. पाच वर्षं, सहा कोटी डॉलर. पण हमी किती रकमेची, हा खरा प्रश्न. बिगरहमी वर्षं संघ एका फोनवर पुसून टाकतो. असोमवाने २०११ मध्ये फिलाडेल्फियाशी नेमका असाच करार केला आणि मार्च २०१३ मध्ये त्याला मोकळं करण्यात आलं. ओकलंडमध्ये तो एका बाजूला प्रेस करून एकट्या रिसीव्हरच्या मागे राहायचा. फिलाडेल्फियात त्याला झोनमध्ये (माणसाऐवजी मैदानाचा भाग सांभाळत) आणि आतल्या जागांवर फिरवलं. झोनमध्ये रिसीव्हरच्या कमरेऐवजी क्वार्टरबॅकचे डोळे वाचावे लागतात. वयाच्या तिशीत ही सवय बदलायला लावली आणि वर्षभरात माणूस सामान्य दिसू लागला. पैसे दिले एका कौशल्याचे, काम घेतलं दुसरं.

ड्राफ्टमधून आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्यासाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात. तिसरा हंगाम संपेपर्यंत नवा करार करता येत नाही. पूर्ण वेतनावर किमान ६ सामने म्हणजे एक ॲक्रूड हंगाम. असे चार झाले आणि करार संपला की खेळाडू मुक्त. निवृत्तिवेतनाचा हिशेब वेगळा, तिथे ३ सामन्यांचा एक क्रेडिटेड हंगाम आणि असे तीन पुरतात. म्हणूनच तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात पोटरी धरून बसलेला राखीव सेफ्टी आपला तिसरा सामना नोंदला गेला की नाही हे आधी बघतो. आणखी एक कलम गमतीचं आहे. चार क्रेडिटेड हंगाम झालेला खेळाडू हंगामाच्या पहिल्या सामन्याला संघात असेल आणि नंतर काढला गेला, तर कारकिर्दीत एकदा त्या वर्षाचं उरलेलं वेतन मागू शकतो. परिणाम असा, की काही अनुभवी लोकांना पहिल्या आठवड्याआधी काढून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घेतलं जातं. बातमी येते ‘पुनरागमन’ म्हणून.

कारकीर्द सरासरी किती वर्षं टिकते, याचे दोन आकडे फिरतात. खेळाडू संघटना सव्वातीन वर्षांच्या आसपास सांगत आली आहे. लीगने सहाच्या जवळचा आकडा मांडला आहे. दोन्ही आपापल्या जागी खरे. संघटनेच्या सरासरीत थोडाच काळ टिकलेलेही येतात, लीग पहिल्याच वर्षी सुरुवातीच्या सामन्याला ज्यांनी जागा मिळवली त्यांच्यापासून मोजते. बातमीत एकच आकडा द्यायचा तर कोणाचा, ते लिहावं.

शरीराचं गणित सरळ आहे. मांडीचे मागचे स्नायू या जागेवर सर्वांत आधी बोलतात, कारण पूर्ण वेगात अचानक थांबून उलट दिशेला सुटावं लागतं आणि थांबण्याचा भार त्यांच्यावर येतो. अर्धवट बरा झालेला स्नायू त्याच हंगामात पुन्हा फाटतो. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटला तर नऊ महिने ते वर्ष. रॉड वुडसनने मात्र १९९५ च्या पहिल्याच सामन्यात एसीएल गमावून जानेवारी १९९६ च्या सुपर बोलमध्ये मैदानावर पाय ठेवला. तो अपवाद, मापदंड नव्हे. परत आल्यावरही पहिलं वर्ष पाय रोवण्याचा विश्वास नसतो आणि रिसीव्हरना ते चित्रफितीत दिसतं.

वेग उतरायला लागला की शहाणा कॉर्नर सेफ्टी होतो. तिथे अंतर जास्त, म्हणून विचाराला अर्धं सेकंद जास्त. धावेपेक्षा कोन महत्त्वाचा. रॉड वुडसन १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये सेफ्टी झाला आणि २००२ मध्ये ओकलंडकडून, ३७ व्या वर्षी, ८ इंटरसेप्शन घेऊन बसला. रॉनी लॉटने तर १९८५ मध्येच जागा बदलली. चार्ल्स वुडसन १८ हंगाम टिकला तो याच वाटेने. पण हा बदल सर्वांना जमत नाही. सेफ्टीला चेंडू घेऊन धावून येणाऱ्या रनिंग बॅकला उघड्यावर पाडावं लागतं, आणि चुकला तर त्याच्यामागे कोणी नसतं. वॉशिंग्टनचा डॅरेल ग्रीन १९८३ ते २००२ असे २० हंगाम कॉर्नरच राहिला, ४२ व्या वर्षापर्यंत. उंची ५ फूट ९ इंच. त्याचं उदाहरण तरुणांना देऊ नये, एवढंच म्हणतो.

धोक्याची बाजू बातम्यांत फक्त अपघात झाल्यावर येते. १९७८ मध्ये रेडर्सच्या जॅक टेटमच्या धडकेने न्यू इंग्लंडचा रिसीव्हर डॅरिल स्टिंगली कायमचा पंगू झाला. त्याचा नातू डेरेक आज ह्यूस्टनचा कॉर्नरबॅक आहे. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बफेलोच्या डमार हॅमलिनने एक साधा टॅकल केला, उभा राहिला आणि कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघाताने हृदय थांबलं होतं. मैदानावरच सीपीआर आणि डिफिब्रिलेटर मिळाल्याने तो वाचला, आणि त्याच वर्षी पुन्हा खेळला. हळूहळू साचणारं नुकसान असं दिसत नाही. शिकागोचा माजी सेफ्टी डेव्ह ड्यूरसन याने २०११ मध्ये जीवन संपवलं. मेंदू संशोधनाला द्यावा अशी त्याची इच्छा होती, आणि तपासणीत सीटीई (डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार) आढळला. २०१८ पासून डोकं खाली घालून धडकणं आणि २०२४ पासून मागून कंबर लटकवून पाडणं, दोन्हींना १५ यार्डांचा दंड आहे. दुसऱ्या नियमाने सेफ्टींची पंचाईत केली आहे, कारण मागून पकडलेल्या धावपटूला पाडण्याची ती त्यांची हुकमी युक्ती होती. आता त्याच्या जोडीने पाय चालवत राहून त्याला बाजूला ओढावं लागतं, आणि त्यात दोन-तीन यार्ड जास्त जातात.

तेव्हा विनंती अशी. अशा खेळाडूची बातमी देताना तो कोणत्या वर्षी कोणत्या जागेवर खेळला, त्याच्याकडे किती पास टाकले गेले आणि किती पूर्ण झाले, दंड किती झाले, आणि कराराच्या रकमेत हमी किती, एवढं तरी द्यावं. सार्वकालिक इंटरसेप्शनचा तक्ता छापायचा असेल तर सेफ्टी आणि कॉर्नर वेगळे काढावेत. ८१ इंटरसेप्शनचा विक्रम असलेला पॉल क्रॉस सेफ्टी होता, १९६४ ते १९७९ या काळातला. डिक ‘नाइट ट्रेन’ लेनने १९५२ मध्ये, पहिल्याच हंगामात, १२ सामन्यांत १४ घेतली, आणि आता १७ सामने असूनही तो विक्रम तसाच आहे. आजचे क्वार्टरबॅक १०० पासमागे दोन-सव्वादोन इंटरसेप्शन देतात, लेनच्या काळात हे प्रमाण दुपटीहून बरंच जास्त होतं. २०२४ चा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला डेन्व्हरचा पॅट्रिक सर्टन, इंटरसेप्शन ४, त्याच तक्त्यात लेनच्या खाली बसवला तर वाचक काय समजणार?

आपला,
एक वाचक